अठराशेचा राउटर आणि आमचं लोखंडी कपाट

"मॅडम, आवाज तुटतोय." मी घरून गणिताच्या ऑनलाइन शिकवण्या घेते आणि वर्षभर रोज एकदा तरी हे ऐकत होते. शेवटी इंटरनेटवाल्यांनी फुकट दिलेला जुना डबा बाजूला सारून वेगळा राउटर घेतला. त्याला आता चार महिने झाले.

घेतला तो वाय-फाय ६ चा (वाय-फायची सहावी पिढी), दोन बँडचा, म्हणजे दोन वेगळ्या लहरपट्ट्यांवर चालणारा, खोक्यावर 'एएक्स१८००' छापलेला. हा अठराशे आला कुठून ते पाहिलं, तर २.४ गिगाहर्ट्झवरचे ५७४ आणि ५ गिगाहर्ट्झवरचे १२०१ एमबीपीएस (इंटरनेटच्या वेगाचं माप) यांची बेरीज करून वर फुगवलेला आकडा निघाला. एका वेळी मोबाइल साधारणपणे यातल्या एकाच बँडवर असतो. दोन रस्त्यांच्या वेगमर्यादांची बेरीज करून गाडीचा वेग काढणाऱ्या विद्यार्थ्याला मी भोपळा दिला असता. वाय-फाय ७ चे राउटरही दिसले, पण आमच्या घरात ते वापरू शकेल असं एकही उपकरण नाही. ते सोडून दिलं.

खरं पाहायचं होतं ते मागचं पोर्ट, म्हणजे तार खुपसायची खाच. आमचं कनेक्शन २०० एमबीपीएसचं. जुन्या डब्याची एक सोडून बाकी पोर्टं १०० ची आणि माझी तार त्यांतल्याच एकात, त्यामुळे तार लावूनही वेग ९४ च्या पुढे सरकत नव्हता आणि मी मात्र इंटरनेटवाल्यांना बोल लावत बसले होते. नव्याची सगळी पोर्टं गिगाबिट, म्हणजे १००० ची आहेत. जुन्याच्या त्या एका गिगाबिट पोर्टापासून नव्याला तार जोडली आणि पहिल्याच चाचणीत १९० च्या वर आकडा आला. वाय-फाय अजून चालूही केलं नव्हतं!

सेटअप 'पाच मिनिटांत' होतो म्हणे. माझा पाऊण तास गेला. जुना डबा आणि नवा राउटर दोघांचाही घरच्या नेटवर्कमधला पत्ता १९२.१६८.१.१. ब्राउझरमध्ये तो टाकला की एकदा हा उघडायचा, एकदा तो. नव्याची जुन्याशी जोडलेली तार काढली, लॅपटॉप फक्त नव्याला लावला, त्याचा पत्ता १९२.१६८.५.१ केला, मग गाडी रुळावर आली. काही राउटर हा घोळ आपला आपण ओळखून पत्ता बदलतात, आमच्या शहाण्याने बदलला नाही.

तरी मुलाचा गेम कुरकुरत होताच, कारण दोन्ही डबे राउटरचंच काम करत होते. मग कंपनीला दोनदा फोन करून जुना डबा ब्रिज मोडवर टाकून घेतला, म्हणजे तो आता इंटरनेट नुसतं पुढे सोडतो, आणि पीपीपीओईचं (कंपनीच्या लाइनवर लॉगिन करायच्या पद्धतीचं) युजरनेम आणि पासवर्ड नव्या राउटरमध्ये भरला. जुन्याचं वाय-फायही आठवणीने बंद केलं.

आता कपाट. राउटर उंचावर ठेवा असं सगळे सांगतात, म्हणून मी तो हॉलमधल्या लोखंडी कपाटाच्या डोक्यावर ठेवला. भिंतीपलीकडच्या खोलीत, कपाटाच्या बरोब्बर मागे, माझं टेबल. तिथे ५ गिगाहर्ट्झवर ३८ एमबीपीएस. चार अँटेना सगळ्या कोनांत फिरवून पाहिल्या, आकडा जागचा हलेना. लोखंड पत्र्याच्या पडद्यासारखं आडवं उभं असताना अँटेना तरी काय करणार? पंधरा मीटर कॅट ६ केबल (नेटवर्कची तार) आणली, राउटर पॅसेजमधल्या लाकडी फळीवर नेला. टेबलावर १६५ ते १७०. नवा राउटर घेण्याआधी जुनाच तिथे नेऊन पाहायला हवा होता, हे उशिरा सुचलं.

चॅनेल, म्हणजे बँडमधला राउटर वापरतो तो तुकडा, आधी 'ऑटो' वर होतं. एकदा ऐन वर्गात ५ गिगाहर्ट्झचं नेटवर्कच गायब झालं. राउटरच्या नोंदींत 'रडार' असा शब्द सापडला. या बँडमधले काही चॅनेल रडारही वापरतात, तसा सिग्नल जाणवला की राउटरला ते सोडावे लागतात. नवा चॅनेलही तसलाच निवडला तर तो वापरण्याआधी मिनिटभर कानोसा घ्यावा लागतो. मी ३६ वर पक्का करून टाकला. २.४ वर चॅनेलची रुंदी २० मेगाहर्ट्झ केली आणि चॅनेल ११. तिथे १, ६ आणि ११ एवढेच तीन एकमेकांच्या पायात पाय घालत नाहीत.

जुनं नाव आणि जुना पासवर्डच २.४ ला दिला, त्यामुळे घरातली बहुतेक उपकरणं न सांगता जोडली गेली. प्रिंटर तेवढा अडून बसला, त्याला डब्ल्यूपीए३ (वाय-फायची नवी सुरक्षा पद्धत) कळत नाही. डब्ल्यूपीए२ आणि ३ असा मिश्र पर्याय निवडला. मधे त्याला पाहुण्यांच्या नेटवर्कवर टाकायची हुशारीही करून पाहिली. जोडला गेला, पण छापेना, कारण पाहुण्यांना घरातली इतर उपकरणं दिसत नाहीत आणि घरातल्यांना पाहुणे. मुद्दामच तशी सोय असते म्हणा.

एकंदरीत राउटर चांगला आहे. पंधरा-सोळा उपकरणं जोडलेली असतानाही वर्ग अडत नाही, आणि चार महिन्यांत एकदाही बंद करून चालू करावा लागलेला नाही. ॲप मात्र वैताग आहे. आधी खातं उघडा म्हणतं, आणि मुलांच्या वापरावर वेळेची मर्यादा घालायची तर दरमहा पैसे मागतं. मी सगळं ब्राउझरमधूनच करते. समोरचे निळे दिवे रात्री पॅसेजभर उजेड पाडतात. ते बंद करायची सोय आहे, पण फर्मवेअर (राउटरच्या आतलं सॉफ्टवेअर) अपडेट झालं की पुन्हा लागतात. सध्या वर काळी चिकटपट्टी लावली आहे.