मागच्या पायाखाली पॅड की वॅक्स?

सर्फबोर्डवर पाय घसरू नये म्हणून त्यावर वॅक्स (मेण) घासतात, नाहीतर मागच्या पायाखाली फोमचं पॅड चिकटवतात. गोव्यात आश्वे-मांद्रेच्या पाण्यात सर्फिंग करायचं तर वॅक्स ‘ट्रॉपिकल’च, म्हणजे गरम पाण्यासाठीचं कडक, हवं. थंड पाण्यासाठीचं मऊ वॅक्स इथे लोण्यासारखं पघळतं. ट्रॉपिकलही उन्हात ठेवलेल्या बोर्डवर वितळतंच, वर त्यात वाळू रुतून बसते. मग खरवडा आणि पुन्हा घासा.

पॅडला ही कटकट नाही. मात्र चिकटवण्याआधी जुन्या वॅक्सचा कणही उरता कामा नये, आणि नंतर निदान 24 तास बोर्ड पाण्यात न्यायचा नाही. मी घाई केली. तिसऱ्याच दिवशी पॅडचा कोपरा उचलला गेला.

पॅडची खरी मजा त्याच्या मागच्या उंचवट्यात. मागचा पाय तिथे टेकला की खाली न बघताही कळतं, तो फिनच्या (बोर्डखालच्या कल्ल्यासारख्या पात्याच्या) वर आलाय. शॉर्टबोर्ड जोरात वळवायचा असेल तेव्हा सगळा जोर तिथूनच लावायचा असतो. लाँगबोर्डवर मात्र एकेक पाऊल टाकत पुढच्या टोकापर्यंत चालायचं असतं, तिथे वॅक्सच बरं. आणि पुढे छातीखाली पॅड? बोर्डवर पालथं पडून उघड्या अंगाने तासभर हात मारून बघा, कातडी सोलवटते.

माझ्या शॉर्टबोर्डला मागे पॅड आणि पुढे वॅक्स आहे.