घरी मावशी, डे केअर की निवासी केंद्र? आधी रात्री मोजा

माझे सासरे, अण्णा, एसटीत कंडक्टर होते. डिमेन्शिया (स्मृतिभ्रंश) वाढला तसा दिवेलागणीला त्यांचा एकच उद्योग सुरू व्हायचा. डावा हात ट्रे धरल्यासारखा छातीशी घ्यायचा आणि घरातल्या प्रत्येकापुढे उभं राहून विचारायचं, "बोला, कुठं?" पावणेतीन वर्षांत आम्ही तिन्ही पर्याय वापरले. आज जे हाच निर्णय घ्यायला बसलेत, त्यांच्यासाठी हे लिहितेय.

काहीही ठरवण्याआधी मागच्या सात रात्री कोण किती वेळा उठलं, ते कागदावर लिहून काढा. आपण सगळे अंघोळ-जेवणाचा हिशेब करून पर्याय निवडतो, पण सांभाळणारा खचतो तो रात्रीच्या जागरणांनी. आणि रात्री अचानक बिघडल्या असतील, तर आधी डॉक्टरांना सांगून लघवीची तपासणी करून घ्या. म्हाताऱ्या माणसाला लघवीचा संसर्ग झाला की ताप न येताही भ्रम एकदम वाढू शकतो. आमच्याकडे असं दोनदा झालं. पहिल्या वेळी आम्ही थेट केंद्रं शोधायला लागलो होतो.

घरी ब्यूरोची मावशी, म्हणजे एजन्सीकडून येणारी सांभाळणारी बाई, ठेवण्यात मोठा फायदा म्हणजे जागा ओळखीची राहते. अण्णांना सुनेचं नाव आठवत नव्हतं, पण अंधारातही बाथरूमचा दिवा हाताला सापडायचा. खरी अडचण बाई टिकण्याची. पहिल्या मावशी म्हणायच्या, "आजोबा, ही गाडी नाहीये, बसा खाली!" मग अण्णा चिडायचे, एकदा तर हातही उगारला. दुसऱ्या आल्या आणि पदराची गाठ सोडल्यासारखं करून म्हणाल्या, "एक स्वारगेट द्या." अण्णांनी हवेतलं तिकीट फाडून दिलं आणि खुर्चीत जाऊन बसले. ब्यूरो तोच, पगारही तोच. त्यामुळे फोनवर "अनुभव किती वर्षांचा?" विचारून फार काही कळत नाही, संध्याकाळी पाच ते आठ बोलवा आणि बघा. "चोवीस तासांची" या शब्दाला मात्र भुलू नका. ती बाई रात्री झोपणार, झोपायलाच हवी. रात्री कुणी जागं हवं असेल तर बारा-बारा तासांच्या दोघी लागतात, आणि मग खर्च निवासी केंद्राच्या जवळपास जातो.

डे केअर हा माझ्या मते सगळ्यात चांगला पर्याय, आणि लोक सगळ्यात कमी वेळा निवडतात तोही हाच. कारण "अण्णांना पाळणाघरात टाकलं?" हे नातेवाइकांचं वाक्य. (विचारणाऱ्यांपैकी एकही जण एक रात्र राहायला आला नाही.) तिथल्या मुलींनी अण्णांना जुन्या पत्त्यांचा जोड दिला होता. ते दुपारभर तिकिटं वाटायचे, सुट्ट्या पैशांवरून दोन आजींशी भांडायचे, आणि दिवसाच्या डुलक्या बंद झाल्याने रात्री चार-पाच तास सलग झोपायचे. देशात साठीपुढचे सुमारे 88 लाख लोक डिमेन्शियासह जगत असल्याचा अंदाज आहे. त्या मानाने अशी केंद्रं फारच थोडी, तीही मोठ्या शहरांत. तालुक्याच्या गावी हा पर्याय जवळपास नाहीच. शहरातही ने-आण जमली पाहिजे. अण्णा रिक्षातून उतरायलाच नकार द्यायला लागले, तेव्हा आमचं डे केअर संपलं.

निवासी केंद्राचा विचार कधी करायचा? सांभाळणाऱ्याचं स्वतःचं बीपी-शुगर हाताबाहेर जायला लागलं, किंवा दोन माणसांशिवाय उठवणं-फिरवणं अशक्य झालं, की लगेच. केंद्र बघायला दुपारी जाऊ नका, दुपारी सगळीकडे भजनं चालू असतात. रात्री नऊनंतर जा. किती रुग्णांमागे किती माणसं जागी आहेत, हात बांधतात का, शांत ठेवण्यासाठी गोळ्या देतात का आणि कुणाच्या सांगण्यावरून, हे विचारा. अशा गोळ्यांनी पडण्याचा धोका वाढतो. न कळवता भेटायला यायला आडकाठी असेल, तर डिपॉझिट भरू नका. आम्ही एका ठिकाणी भरलं आणि अर्धंच परत मिळालं.

कागदांचं काम तिन्ही पर्यायांत लागतं, आणि ते लवकर करावं लागतं. साधं मुखत्यारपत्र (पॉवर ऑफ अ‍ॅटर्नी) माणसाची समज गेल्यावर कायद्याने टिकत नाही. मग पालक नेमून घ्यायला न्यायालयात जावं लागू शकतं. सही कळत असतानाच खातं दोघांच्या नावे करून घ्या.

एल्डरलाइन 14567 ही ज्येष्ठांची हेल्पलाइन सकाळी आठ ते रात्री आठ चालते, केंद्रांची चौकशी तिथे होते. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 चोवीस तास चालू असतो आणि मराठीत बोलता येतं. रात्री तीन वाजता आम्ही तोच लावला होता, अण्णांसाठी नाही, माझ्या नवऱ्यासाठी.