मायक्रोसॉफ्ट ३६५ कोपायलट : कंपनीने घेण्यापूर्वी

कोपायलट ही मायक्रोसॉफ्टच्या वर्ड, एक्सेल, टीम्स यांसारख्या सॉफ्टवेअरमध्येच मसुदे, सारांश व विश्लेषण करून देणारी एआय सेवा. १ नोव्हेंबर २०२३ रोजी मोठ्या कंपन्यांसाठी खुली झालेली ही सेवा मी नियोजनाच्या कामात वापरतो. टीम्स या ऑनलाइन बैठकांच्या ॲपवरील लांबलेल्या बैठकीत कोणी कोणते काम अंगावर घेतले, याची यादी ती ज्या सफाईने काढून देते, त्यासाठी तिला पूर्ण गुण द्यावेसे वाटतात. एक्सेलमधील आकड्यांबाबत मात्र प्रत्येक उत्तर मूळ तक्त्याशी ताडून पाहावेच.

कर्मचाऱ्याला ज्या फायली उघडता येतात, त्याच ही सेवा वाचते. त्यामुळे पगारपत्रक चुकून सर्वांसाठी खुले राहिलेले असेल, तर एखाद्या साध्या प्रश्नाच्या उत्तरातही ते वर येऊ शकते. म्हणून खरेदीआधी फायलींच्या परवानग्या तपासून घेणे अत्यावश्यक आहे.

सुरुवातीला जाहीर झालेला दरमहा प्रतिव्यक्ती ३० डॉलर हा दर मला जड वाटतो, तरी धोरणाच्या दृष्टीने मोठा प्रश्न वेगळाच आहे. मायक्रोसॉफ्टने २०१९ मध्ये ओपनएआय या एआय कंपनीत १ अब्ज डॉलर गुंतवले आणि पुढे त्या भागीदारीतील एआय मॉडेल वर्ड, आउटलुक व टीम्समध्ये आणले. परिणामी मेल, फायली, बैठका आणि आता मसुदे व विश्लेषणही एकाच कंपनीच्या परिसंस्थेत जाते, आणि उद्या दुसरीकडे वळायचे ठरले, तर सॉफ्टवेअरबरोबर कामाची सगळी घडीच बदलावी लागते. हा निर्णय केवळ आयटी विभागावर न सोडता संचालक मंडळाने घ्यावा, असे माझे ठाम मत आहे. ज्यांच्या फायली नीट लावलेल्या आहेत, त्यांनी एका विभागापासून जरूर सुरुवात करावी.