ऑफेन्सिव्ह लाइनची बांधणी: डॅलसची वाट की फिलाडेल्फियाची?

अमेरिकन फुटबॉलच्या एनएफएल या लीगमधील संघाची ऑफेन्सिव्ह लाइन, म्हणजे चेंडू फेकणाऱ्या क्वार्टरबॅकचे रक्षण करणारी आणि धावणाऱ्याला वाट काढून देणारी पाच जणांची फळी, नव्याने उभारताना, मग तो संघ खरा असो वा व्हिडिओ गेममधला, ड्राफ्टमधील (संघांनी नवे खेळाडू क्रमाने निवडण्याच्या वार्षिक प्रक्रियेतील) पहिल्या फेरीची मोलाची निवड लाइनमनवर खर्च करावी, की तो पुढच्या फेऱ्यांतून वेचून घडवावा, हे आधी ठरवावे लागते.

डॅलस काउबॉइजनी पहिला मार्ग धरला. 2011 मध्ये नवव्या क्रमांकावर टॅकल (लाइनच्या टोकाचा खेळाडू) टायरन स्मिथ, 2013 मध्ये 31व्या क्रमांकावर सेंटर (लाइनच्या मधोमधचा) ट्रॅव्हिस फ्रेडरिक आणि 2014 मध्ये 16व्या क्रमांकावर झॅक मार्टिन, अशा चार वर्षांत पहिल्या फेरीच्या तीन निवडी त्यांनी लाइनवर लावल्या. कॉलेजात टॅकल असलेल्या मार्टिनला त्यांनी गार्ड (सेंटर आणि टॅकल यांच्या मधला) केले आणि तो पहिल्याच हंगामात ऑल-प्रो, म्हणजे लीगमधील सर्वोत्तमांपैकी एक, ठरला. त्याच वर्षी त्यांचा रनिंग बॅक (चेंडू घेऊन धावणारा) डीमार्को मरेने 1,845 यार्ड धाव घेऊन लीगमध्ये अव्वल स्थान मिळवले. या मार्गाने माणूस पहिल्या दिवसापासून मैदानात उतरतो आणि पाचव्या वर्षाच्या कराराचा पर्यायही संघाच्या हाती राहतो. मात्र उंच क्रमांक म्हणजे हमी नव्हे: 2013 मध्ये दुसऱ्या क्रमांकावर घेतलेल्या ल्यूक जोकेलला जॅक्सनव्हिलमध्ये चार हंगामच मिळाले.

फिलाडेल्फिया ईगल्सची गोष्ट अधिक मोहात पाडणारी आहे आणि म्हणूनच ती जपून वाचावी. जेसन केल्सी 2011 मध्ये सहाव्या फेरीत 191व्या, तर जॉर्डन मायलाटा 2018 मध्ये सातव्या फेरीत 233व्या क्रमांकावर मिळाला. मायलाटा ऑस्ट्रेलियात रग्बी लीग खेळलेला; अमेरिकन फुटबॉलचा एकही सामना त्याच्या गाठीशी नव्हता. चेंडू घेऊन पुढे मुसंडी मारण्याची सवय असलेल्या या धिप्पाड गड्याला उलट मागे सरकत, तोल न ढळू देता, कडेने वळसा घालून येणाऱ्याला हातांनी अडवायला शिकायचे होते. पहिले दोन्ही हंगाम त्याने जायबंदींच्या यादीत संपवले, तरी संघाने त्याला सांभाळले, आणि लाइनचे प्रशिक्षक जेफ स्टाउटलँड यांनी त्याला घडवले. असा प्रशिक्षक आणि एवढा धीर नसलेल्या संघाने सातव्या फेरीच्या भरवशावर बसू नये. शिवाय याच ईगल्सनी 2013 मध्ये लेन जॉन्सनसाठी चौथा क्रमांक खर्च केला होता, हे त्यांचे कौतुक करणारे सहसा विसरतात.

माझा कौल असा: टॅकल शक्यतो पहिल्या फेरीत घ्यावा, सेंटर आणि गार्ड दुसऱ्या-तिसऱ्या फेरीत शोधावेत, आणि शेवटच्या फेऱ्यांतील नावांना राखीव समजावे.

पहिल्या फेरीत टॅकल सोडायचाच असेल, तर दुसरी फेरी चुकता कामा नये. 2021 मध्ये सिनसिनाटीने पाचव्या क्रमांकावर टॅकल पेनेइ स्यूएलऐवजी रिसीव्हर (फेकलेला चेंडू झेलणारा) जमार चेसला घेतले आणि त्या हंगामात ते थेट सुपर बोलपर्यंत, म्हणजे अंतिम सामन्यापर्यंत, पोहोचले, त्यामुळे ती निवड चुकली असे म्हणवत नाही. पण नियमित हंगामात त्यांचा क्वार्टरबॅक जो बरोला 51 वेळा सॅक करण्यात आले, म्हणजे चेंडू फेकण्याआधीच पाडण्यात आले; त्यानंतर प्लेऑफमध्ये टेनेसीविरुद्ध नऊ वेळा आणि सुपर बोलमध्ये सात वेळा. दुसऱ्या फेरीत 46व्या क्रमांकावर त्यांनी घेतलेल्या जॅक्सन कारमनला लाइनमधली जागा पक्की करता आली नाही. त्याच फेरीत 17 क्रमांक खाली कॅन्सस सिटीला क्रीड हम्फ्री मिळाला, आणि तो पहिल्याच हंगामापासून त्यांचा सेंटर झाला.