रिओ ग्रांदेचं गवत: फवारणी की गांधीलमाशी?

टेक्सासात, अमेरिका-मेक्सिको सीमेवरच्या रिओ ग्रांदे नदीकाठी जमीन असलेला मित्र विचारतोय, अरुंडो नावाच्या वेताएवढ्या उंच गवतावर तणनाशकाची फवारणी करू की ते काम गांधीलमाशीवर सोपवू? हे गवत वीसेक फूट वाढतं, पाणी पितं, नदीचं पात्र आवळतं. जाळून फवारलं की रिझल्ट लवकर दिसतो पण खर्च पुन्हा पुन्हा, कारण मातीतल्या गड्ड्यांतून कोंब परत येतात आणि मेक्सिकोच्या काठावरचं गवत तसंच राहिलं तर पुरात त्याचे तुकडे वाहून इकडे रुजतात. २००९ पासून सोडलेली बारीक गांधीलमाशी शेंड्यात अंडी घालते, तिथे गाठ फुगते, वाढ खुंटते, आणि ती दोन्ही काठांवर आपणहून पसरते. पण स्लो, २०१४ पर्यंत गवत सरासरी २२ टक्केच घटलं. मला तरी माशीच पटते, नदी केवढी लांब आहे रे! तुला पंपाजवळची जागा यंदाच मोकळी हवी असेल तर मात्र फवारणीच कर.