डायबेटिस निघालाय: भाकरी सोडायची की मटण?

रिपोर्ट आला की आठवड्याच्या आत दोन सल्ले दारात येतात. एक म्हणतो, भाकरी-भात बंद कर, अंडी-चिकन-पनीर खा. दुसरा म्हणतो, मटण-अंडी बंद, दूधसुद्धा बंद, जे झाडाला येतं तेवढंच खा. दोघांकडंही दाखवायला बरी झालेली माणसं असतात. आमच्या घरातच दोन्ही पक्ष आहेत. मी सांगलीत लो-कार्बवाला, म्हणजे भाकरी-भात-साखरेतली कर्बोदकं (कार्ब) कमी खाणारा. तासगावची आक्का माळकरी, ती दुसऱ्या वाटेनं गेली. तेव्हा मी तटस्थ नाही, हे आधीच सांगून ठेवतो.

लो-कार्ब म्हणजे किती लो, इथंच पहिला घोळ होतो. अभ्यासांत साधारणपणे दिवसाला १३० ग्रॅमच्या आत कार्ब धरतात. मी एकदा वजनकाटा ओट्यावर ठेवला आणि बायको एका भाकरीला घेते तेवढं पीठ त्यावर टाकायला लावलं. साठ ग्रॅम भरलं. ज्वारीच्या १०० ग्रॅम पिठात ७० ग्रॅमच्या आसपास कार्ब असतात, म्हणजे एका भाकरीत चाळीसेक. दुपारी दोन, रात्री दोन, झाले १६०. भात, चहातली साखर आणि संध्याकाळचं भडंग अजून बाजूलाच. "ज्वारी शुगरला चांगली" हे मी किती वर्षं ऐकत आलोय. भातापेक्षा बरी असेलही, पण चार भाकऱ्या त्या चारच.

भाकरी चारावरून एकावर आणली की जेवणानंतरची शुगर पहिल्या आठवड्यातच उतरलेली दिसते. आत आलीच नाही तर चढणार कुठून? २०२१ मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये लो-कार्बच्या २३ चाचण्यांचा एकत्रित अभ्यास आला. सहा महिन्यांनी लो-कार्बवाल्यांपैकी ५७ टक्के लोकांचा एचबीए१सी (तीन महिन्यांच्या सरासरी शुगरचा आकडा) ६.५ च्या, म्हणजे डायबेटिसच्या रेषेच्या, खाली आला होता, बाकीच्यांत ३१ टक्क्यांचा. वर्ष उलटल्यावर मात्र हा फरक बराचसा विरला. का, ते मला चाचणी न वाचताही सांगता आलं असतं. लग्नसराई, जत्रा, पाहुणचार. शिवाय भाकरीशिवाय तांबडा रस्सा म्हणजे नुसतं तिखट पाणी पिणं. महिनाभर जमतं, वर्षभर नाही.

आता झाडाची बाजू. अमेरिकेत डॉक्टर नील बर्नार्ड यांनी २००६ मध्ये ९९ जणांवर २२ आठवड्यांची चाचणी केली. अर्ध्यांना मांस, अंडी, दूध, तूप सगळं बंद आणि तेल अगदी नावाला. धान्य, कडधान्य, भाज्या, फळं मात्र पोटभर, मोजमाप नाही. मधे ज्यांची औषधं बदलली नाहीत त्यांचा एचबीए१सी १.२३ अंकांनी उतरला. नेहमीचा डायबेटिसचा आहार घेणाऱ्यांचा ०.३८ नं. यामागचं कारण असं सांगतात की जेवणातली चरबी आणि वजन घटलं की यकृतात, स्नायूंत साठलेली चरबी हटते आणि शरीर स्वतःच्या इन्सुलिनला पुन्हा दाद देऊ लागतं. त्याला वेळ लागतो.

पण हे वाचून "मग आपलं बरंच आहे की, आपण शाकाहारीच" असं म्हणू नका. आक्काच्या गळ्यात वीस वर्षं माळ आहे आणि डायबेटिस त्या वीस वर्षांतच आला. पोहे, चपाती, बटाट्याची भाजी, गोड चहा, एकादशीला साबुदाण्याची खिचडी, सगळं झाडाचंच की! साबुदाणा तर जवळजवळ निव्वळ स्टार्च, म्हणजे कार्बच. आक्कानं बदललं ते वेगळंच. मटकी-हुलग्याची उसळ वाटीभर, मेथी-घेवडा ताटभर, भाकरी दोनच, तेलाची बुधली महिन्याऐवजी दीड महिना. चहातली साखर गेली, दूध राहिलं. दूध सोड म्हटलं तर म्हणते, "दारात म्हैस काय बघायला बांधलीय?" म्हणजे चाचणीच्या हिशेबानं ती नापास. शुगर मात्र उतरली.

या दोन्हींच्या भांडणात तिसरीच गोष्ट मला जास्त पटते. ब्रिटनमध्ये ३०६ जणांवर डायरेक्ट नावाची चाचणी झाली. त्यातल्या निम्म्यांना जेवणाऐवजी दिवसाला साधारण ८५० कॅलरींची पावडर पाण्यात कालवून काही महिने. तिच्यात जवळपास साठ टक्के कार्बच होते. तरी वर्षानं या निम्म्यांतल्या ४६ टक्के लोकांचा डायबेटिस औषधांशिवाय आटोक्यात होता. १५ किलो किंवा जास्त उतरवलेल्यांत ८६ टक्क्यांचा. पोटाचा घेर असलेल्या माणसानं आधी हे आकडे बघावेत, मग पनीर की हुलगा ते ठरवावं.

निवडताना सगळ्यात आधी गोळ्यांची पट्टी बघा. मी हेच केलं नाही. शुगर उतरवणारी ग्लिमेपिराइड गोळी चालू होती आणि डॉक्टरांना न सांगता भाकरी कमी केली. फेब्रुवारीत बाजारात उभा असताना घाम फुटला, हात कापायला लागले, समोरची पाटी वाचता येईना. द्राक्षवाल्यानं माझ्याकडं बघून न मागताच घड हातात दिला. घरी येऊन शुगर मोजली तर तोवर चढून ७१ झालेली. ग्लिमेपिराइड किंवा इन्सुलिन चालू असेल तर कार्ब कमी करण्याआधी डोस कमी करून घ्यायचा असतो. डापाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन या जातीच्या गोळ्या असतील तर कडक लो-कार्बच्या वाटेला जाऊ नका. शुगर नॉर्मल दिसत असतानाही रक्तात आम्ल वाढून जिवावर बेतू शकतं. मूत्रपिंड कमजोर असेल, गरोदरपण असेल, तर दोन्हीपैकी काहीच मनानं सुरू करायचं नाही.

झाडाच्या वाटेवर खाचखळगे कमी, पण आहेत. मेटफॉर्मिन या डायबेटिसच्या नेहमीच्या गोळीनं बी-१२ जीवनसत्त्व घटतं आणि ते झाडात मिळत नाही. दूधही सोडणार असाल तर बी-१२ ची गोळी लागतेच. लो-कार्बला कोलेस्टेरॉलकडं लक्ष ठेवा. स्टॅनफर्डच्या २०२२ च्या चाचणीत तीच माणसं आळीपाळीनं कीटो (अगदी कडक लो-कार्ब) आणि भूमध्यसागरी (भाज्या, कडधान्य, मासे, ऑलिव्ह तेल) आहारावर ठेवली. शुगरमध्ये म्हणावा असा फरक नव्हता, पण कीटोवर एलडीएल, म्हणजे वाईट कोलेस्टेरॉल, वाढलं.

घरात मटण-अंडी चालत असतील, वजन फार नसेल आणि जेवणानंतरचीच शुगर उडत असेल, तर मी लो-कार्बकडं झुकेन. माळकरी माणसानं मात्र त्या नादाला लागू नये. शेवटी पनीर आणि शेंगदाणे एवढंच हाताशी उरतं, आणि शेंगदाण्याच्या कुटानं वजन कसं चढतं ते आपल्याकडं कुणाला सांगायला नको. भाकरी पूर्ण सोडायचा हट्टही नको. आयसीएमआर या सरकारी वैद्यकीय संशोधन संस्थेनं १८,०९० भारतीयांच्या जेवणाचा हिशेब मांडला, तेव्हा नव्यानं डायबेटिस झालेल्यांसाठी कार्ब एकूण कॅलरींच्या ४९ ते ५४ टक्क्यांवर आणा आणि प्रथिनं वाढवा एवढंच निघालं. म्हणजे दोन भाकऱ्या कमी आणि उसळ दुप्पट.

आठवडाभर ग्लुकोमीटरवर करून बघा. एक दिवस दोन भाकऱ्या आणि आमटी, दुसऱ्या दिवशी एक भाकरी आणि दोन वाट्या मटकी, जेवायला बसल्यापासून बरोबर दोन तासांनी मोजा. आक्कानं तेच केलं आणि कागद फ्रीजवर चिकटवून ठेवलाय. मागच्या रविवारी गेलो तेव्हा तिनं माझ्या पानात हुलग्याचं माडगं वाढलं आणि म्हणाली, "आता मटणाचा आकडा आण तुझा."