हातातली एक्सआरएफ बंदूक: सोन्याच्या शिरेवर तीन आठवडे

यंत्र काल खोक्यात घालून परत पाठवलं. तीन आठवडे भाड्याने होतं. दिसायला भिंतीला भोकं पाडायच्या ड्रिलसारखं, वजन दीड किलोच्या आसपास. नाक दगडाला टेकवून चाप ओढला की क्ष-किरण सोडतं आणि तीस-चाळीस सेकंदांत पडद्यावर मूलद्रव्यांची यादी येते. सोनं शोधायला हे घेणार असाल तर आधीच सांगते: पहिल्या दिवशी सेटिंगमध्ये जाऊन सोन्याचा कॉलम बंद करा. मी तो फार उशिरा बंद केला, आणि तोवर एकदा तोंडघशी पडून झालं होतं.

जागा लहानच. क्वार्ट्झची, म्हणजे पांढऱ्या गारेची, एक उभट शीर, कुठे वीतभर तर कुठे हातभर रुंद, उघडी दिसते ती जेमतेम दीडशे मीटर. क्वार्ट्झमध्ये पायराइट (लोखंडाचं) आणि आर्सेनोपायराइट (लोखंड-आर्सेनिकचं), मधूनच स्फॅलेराइट (जस्ताचं) आणि गॅलेना (शिशाचं) यांचे पट्टे; ही सगळी सल्फाइडं, म्हणजे गंधकाची खनिजं. जुन्या लोकांनी वरचा गंजलेला भाग ओरबाडून नेलाय. मागे एक आडवा बोगदा आणि दोन बुजलेले खड्डे उरलेत. ते का थांबले हे बोगद्यात शिरल्यावर कळतं. भिंतीचा रंग तांबूस-पिवळ्यावरून राखाडी होतो आणि तिथून चार पावलांवर काम संपतं. वरच्या भागात सल्फाइड कुजून त्याचा गंज झालेला, त्यामुळे सोनं मोकळं. दगड दळून पाऱ्याला लावला की हाती यायचं. खाली सल्फाइड ताजं, सोनं त्याच्या पोटात, तिथे पाऱ्याची मात्रा चालत नाही. मॅकआर्थर आणि फॉरेस्ट बंधूंनी १८८७ मध्ये सायनाइडने सोनं विरघळवून काढायची रीत आणली खरी, पण आर्सेनोपायराइटच्या स्फटिकातच बसलेलं सोनं आधी भाजल्याशिवाय सायनाइडलाही फारसं दाद देत नाही.

त्यानंतर कुणीतरी चर खणले, चार ड्रिल होल मारले आणि गाशा गुंडाळला. गाभ्याचे, म्हणजे ड्रिलने जमिनीतून काढलेल्या दगडाच्या कांड्यांचे ट्रे अजून शेडमध्ये आहेत, किती खोलवरची कांडी ते लिहिलेल्या पट्ट्यांपैकी निम्म्या वाळवीने खाल्लेल्या.

आता पाचव्या दिवसाचं. बोगद्याच्या तोंडाशी एक जड, काळपट-तपकिरी तुकडा मिळाला. यंत्र टेकवलं: सोनं ६२ पीपीएम. म्हणजे टनाला ६२ ग्रॅम! हात थरथरले, खोटं कशाला बोलू. जागा बदलून पुन्हा टेकवलं, ५८. संध्याकाळी भागीदाराला निरोपही धाडला. त्याच तुकड्याचा फायर अ‍ॅसे आला तेव्हा आकडा होता १.४.

फायर अ‍ॅसेत दळलेल्या नमुन्यातले तीस किंवा पन्नास ग्रॅम शिशाच्या ऑक्साइडबरोबर वितळवतात, सोनं शिशाच्या गोळीत उतरतं आणि शेवटी त्याचा मणी तोलला जातो. तिथे अंदाजाला जागा कमी. चूक बंदुकीची होती, आणि तिच्याहून जास्त माझी. प्रत्येक मूलद्रव्य आपल्या ठरलेल्या ऊर्जेचे क्ष-किरण देतं आणि ती ऊर्जा अणुक्रमांकाने ठरते, हे मोस्लीने १९१३ मध्ये दाखवलं. सगळं यंत्र त्यावरच चालतं. सोन्याची मुख्य रेषा, म्हणजे ती ठरलेली ऊर्जा, ९.७१ किलोइलेक्ट्रॉनव्होल्टला. जस्ताची एक दुय्यम रेषा ९.५७ ला. डिटेक्टरला इतक्या जवळच्या दोन रेषा धड वेगळ्या काढता येत नाहीत, म्हणून सॉफ्टवेअर जस्ताच्या वाट्याची वजाबाकी करतं. जस्त रग्गड असलं की वजाबाकीतली बारीक चूकसुद्धा सोनं म्हणून पडद्यावर उमटते. माझ्या तुकड्यात जस्त १८ टक्के होतं. तीन ओळी वर, त्याच पडद्यावर लिहिलेलं. सुरीने ओरखडा काढला असता तर फिकट पिवळी भुकटी पडली असती आणि हे स्फॅलेराइट आहे हे कळायला यंत्र लागलंच नसतं. टंगस्टनचीही एक रेषा ९.६७ ला आहे, तेव्हा नमुने टंगस्टन कार्बाइडच्या भांड्यात दळून यंत्राखाली ठेवू नका.

खोट्या आकड्यांचा प्रश्न सोडला तरी, या शिरेत जे सोनं आहे ते टनाला दोन-पाच ग्रॅम. तेवढं कमी या यंत्राच्या आवाक्यात नाही.

तरी या यंत्राला मी पूर्ण गुण देतेय, ते कशासाठी? आर्सेनिकसाठी. ज्या गरम पाण्याने सोनं आणलं त्यानेच आर्सेनिक आणलं, ते सोन्याच्या हजारो पट आणि शिरेच्या बाहेर बाजूच्या खडकातही पसरलेलं. इतकं आर्सेनिक ही बंदूक डोळे झाकून मोजते. गाभ्याच्या ट्रेवर मी दर वीस सेंटिमीटरला एक रीडिंग घेत गेले. आधीच्या लोकांनी पांढरा क्वार्ट्झ दिसला तेवढाच कापून प्रयोगशाळेत पाठवला होता, बाजूचा करडा खडक अख्खा पडून. तिसऱ्या होलमध्ये त्याच करड्या खडकात आर्सेनिक ४० वरून एकदम ४,००० पीपीएमवर गेलं आणि दोन मीटर तिथेच राहिलं. भिंगाखाली धरला तर सुईच्या टोकाएवढे चंदेरी काटे, गच्च भरलेले. हातोडीने ठोकल्यावर लसणासारखा वास आला, म्हणजे आर्सेनोपायराइट. ते दोन मीटर कापून पाठवले. अ‍ॅसे आला टनाला ३.१ ग्रॅम. इतकी वर्षं शेडमध्ये उघड्यावर पडलेला गाभा, आणि त्याच्याकडे कुणी पाहिलं नाही कारण तो पांढरा नव्हता.

एक पथ्य मात्र पाळा. गॅलेनाच्या पट्ट्यावर आर्सेनिकच्या आकड्यालाही भुलू नका. शिशाची मुख्य रेषा १०.५५, आर्सेनिकची १०.५४. यंत्र शिशाचा अंदाज त्याच्या १२.६१ च्या रेषेवरून बांधून वजा करतं, पण शिसं टक्क्यांत गेलं की उरतो तो आकडा शोभेचा.

मातीवर काम ठीक झालं. पावसानंतर जागच्या जागी घेतलेली रीडिंग्ज फुकट गेली, कारण ओलावा आकडा खाली ओढतो. तीच माती वाळवून, चाळून परत मोजली तर आर्सेनिक जवळपास तिसऱ्या हिश्श्याने वाढलं. तेव्हा चालता चालता नकाशा तयार, ही जाहिरात कोरड्या दिवसांपुरती.

तक्रारी आहेत. नाकावरची पातळ फिल्म क्वार्ट्झच्या धारेने दुसऱ्याच दिवशी फाटली, आणि तिच्यामागे थेट डिटेक्टर. भाड्याने देणाऱ्यांनी खोक्यात एकच जादा फिल्म ठेवली होती. तपासणीसाठी दिलेल्या प्रमाण नमुन्यात आर्सेनिक होतं काही दहा पीपीएमांत. मला मोजायचं होतं हजारांत, म्हणजे त्याचा उपयोग शून्य. शेवटी अ‍ॅसे करून घेतलेले स्वतःचेच चार नमुने दर वीस रीडिंगनंतर लावत बसले. उन्हात पडदा वाचता येत नाही, आणि काळं अंग तापलं की यंत्र आपणहून बंद पडतं. भर दुपारी आम्ही दोघं सावलीत बसून त्याच्या थंड होण्याची वाट पाहतोय, असं चार-पाचदा झालं.

आणि नमुना बोटांत धरून चाप ओढू नका. माझ्या मदतनिसाने पहिल्या दिवशी तेच केलं, बारीक खडा होता म्हणून. हे क्ष-किरण आहेत. झाकणाचा स्टँड खोक्यात असतो, तो वापरा.

परत घेईन. तीन आठवडे नकोत, गाभ्यासाठी दहा दिवस पुरतात. फिल्मचं पाकीट या वेळी स्वतःचं नेईन. पहिल्या आणि चौथ्या होलचे ट्रे अजून उघडायचेत.